दगडाची माती होताना

(दृश्य: तालमीचा हौद. पहाट. सुरुवातीला फक्त फावड्याचा आवाज.)

तालमीत पहिला नमस्कार मातीला. आठ वर्षांचं पोरगं असो नाहीतर नावाजलेला मल्ल, हौदात उतरताना तो वाकतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि मगच जोडीदाराच्या मनगटाला हात घालतो. रोज पहाटे ही माती उकरायची, ढेकळं फोडायची, लागेल तो खडा वेचून बाहेर टाकायचा. तिच्यात ताक जातं, तेल जातं, हळद जाते, लिंबू जातं. शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात 1912 पासून कुस्त्या होतायत, त्याही अशाच तांबड्या मातीत.

वस्तादांनी मूठभर माती आमच्या हातावर ठेवली. बोटांत चोळली की पिठासारखी मऊ. झटकली तरी तळहाताच्या रेषांत रंग राहतो. हा रंग लोखंडाचा आहे, गंजलेल्या लोखंडाचा. आणि हे लोखंड आलंय काळ्याकुट्ट दगडातून, ज्या दगडाचे पाटे-वरवंटे आपल्या घरात आहेत आणि ज्या दगडात अंबाबाईचं देऊळ उभं आहे.

काळ्या दगडातून तांबडी माती निघते कशी, हे बघायला डोंगर चढावा लागतो.

(दृश्य: मसाई पठार. जूनचा शेवट. धुकं सरकतंय.)

पन्हाळ्याच्या पश्चिमेला हे मसाई पठार. 1660 च्या जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच वाटेनं. आजही पावसाळ्यात शेकडो पोरं ही वाट चालतात. चालताना लक्ष ढगांकडे असतं, दरीकडे असतं. पायाखाली कोण बघतो?

पायाखाली जांभा आहे. लांबून बघाल तर नुसता सपाट, काळपट, ओका दगड. जवळ या. भोकंच भोकं आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. काही भोकं मोकळी, काहींत पिवळी चिकणमाती भरलेली. एक तुकडा फोडला की आत विटकरी, जांभळा, हळदी असे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. ताजा असताना हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही कापता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. घराचे चिरे याचेच.

हा दगड जन्माला आला तेव्हा असा नव्हता. त्यासाठी सुमारे साडेसहा कोटी वर्षं मागं जायला हवं.

तेव्हा इथं हे डोंगर नव्हते. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि पसरला. थिजला, त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा. असे कितीतरी थर. आज हा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि कोल्हापूर त्याच्या दक्षिणेकडच्या कडेजवळ आहे. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे का दिसतात, याचं उत्तर या थरांत आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

(दृश्य: बांदिवडे. दगडी खांब, खालून वर.)

पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्याचे हे खांब कुणी घडवलेले नाहीत. तापलेला लाव्हा सावकाश निवत गेला, निवताना आकसला, आकसताना त्याला तडे गेले. उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळच्या गाळाला जशा पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात, तशाच या. फरक इतकाच की गाळाची भेग वीतभर खोल जाते आणि इथली भेग थरात खोलवर उतरते. चित्र आणखी थोडा वेळ बघा. एकाला लागून एक उभे, बाजू मोजता येतात, पाच, सहा, मधेच एखादा वेगळा.

हे खांब सुंदर आहेत, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट खांबांच्या मधे आहे. ती भेग. केसाएवढी का असेना, पाण्याला तेवढी पुरते. दगडाची माती व्हायला सुरुवात तिथूनच होते.

(दृश्य: घाटरस्त्याची कापलेली कड. हात दगड सोलतोय.)

रस्ता रुंद करताना डोंगर कापला, त्याची ही कड. कुणी मुद्दाम मांडून ठेवावं तसं सगळं समोर आलंय. वर गवत, त्याखाली हातभर माती, त्याखाली पिवळट-करडा भुसभुशीत मुरूम, आणि मुरमात रुतलेले हे गोल गोटे. बघणाऱ्याला वाटतं, नदीतून वाहत आले असतील. नाही. हे इथल्या इथंच गोल झालेत.

गोट्याला नख लावलं, पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक. आणखी एक. कांदा सोलावा तसा दगड सोलला जातोय. बाहेरचे पापुद्रे बोटांनी चुरडतात, आतले करकरीत होत जातात, आणि मधोमध मुठीएवढा काळा गाभा राहतो. त्यावर हातोडी मारली की ठण्ण आवाज येतो. तो अजून दगड आहे.

हे कसं झालं? तड्यांनी दगडाचे चौकोनी ठोकळे पाडले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्यामुळं ते किंचित आंबट असतं. हे पाणी ठोकळ्याभोवती फिरू लागलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकाच बाजूनं चढाई करतं. कडेवर दोन बाजूंनी करतं. आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरा सगळ्यात आधी जातो, मग कड, आणि चौकोनाचा गोल होतो.

आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. काळ्या दगडात फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. पाणी त्याला धरतं आणि त्याची चिकणमाती करतं. दगडातला चुना, सोडियम, मॅग्नेशियम विरघळून पाण्याबरोबर निघून जातं. दुसऱ्या खनिजांत लोखंड असतं, त्याला हवा-पाणी लागलं की ते गंजतं, पिवळं होतं, तांबडं होतं. खनिजं फुगतात, पापुद्रा सुटतो, नव्या फटीतून पाणी आणखी आत शिरतं. दिवसाचं ऊन दगड तापवतं, रात्र त्याला निववते, झाडाचं मूळ फट रुंदावतं. शाळेच्या भूगोलात या सगळ्याला विदारण म्हणतात. शब्द कोरडा आहे. गोटा हातात घेऊन एकदा सोलून बघा.

(दृश्य: दगडावरची राखाडी-हिरवी फुलं. अगदी जवळून.)

कामाला आणखी कुणीतरी आहे. हे दगडफूल. कोल्हापूरच्या कुठल्याही घरात वर्षाची चटणी होते तेव्हा मसाल्यात जे दगडफूल भाजलं जातं, त्याच कुळातलं. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडसंसार. याला माती लागत नाही, नुसता दगड पुरतो. बुरशीचे तंतू दगडाच्या कणाकणांत शिरतात, आम्ल सोडतात, दगडातून आपल्याला हवं ते ओढून घेतात. फूल वाळलं, मेलं की त्याचा भुगा त्याच खळग्यात राहतो. त्यावर शेवाळ येतं, शेवाळावर गवताचं बी पडतं. चिमूटभर माती झाली.

आपल्याकडच्या कठीण काळ्या दगडावर एक इंच माती साठायला शेकडो वर्षं लागतात. कुठं कुठं हजारही.

(दृश्य: पुन्हा पठार. पाऊस. सड्यावरून पाण्याचा पातळ थर सरकतोय.)

आता पुन्हा सड्यावर येऊ. या पठारांना इकडं सडा म्हणतात, आणि या फिल्मसाठी आम्ही सगळ्यात जास्त दिवस इथंच राहिलो.

गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, शिरोळ तालुक्यात, तो पाचशेच्या घरात येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. डोंगरमाथ्यावर हजारो-लाखो वर्षं असा पाऊस कोसळला, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर कोरडा उन्हाळा आला. भिजणं, वाळणं, भिजणं, वाळणं. वरच्या दगडातून जे जे विरघळण्यासारखं होतं ते ते पाण्यानं नेलं. चुना गेला. मॅग्नेशियम गेलं. सहसा न विरघळणारी सिलिकासुद्धा हळूहळू गेली. शेवटी उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, कारण ही दोघं पाण्याला दाद देत नाहीत. तेच एकमेकांना घट्ट धरून बसले. तो हा जांभा. ॲल्युमिनियमचा वाटा जिथं फार वाढला, तिथं त्याला बॉक्साइट म्हणतात.

म्हणजे जांभा हा दगड सगळं देऊन झाल्यावर उरलेला आहे. चुना खालच्या शेतात गेला, चिकणमाती खोऱ्यात गेली, बाकीचं नदीनं समुद्राला नेलं.

आणि उरलेल्या या टोपीनं खालचा डोंगर राखलाय. जांभ्याखाली मऊ, पिवळा-पांढरा चिकण थर असतो. टोपी आहे तोवर तो शाबूत. कडेला टोपीचा तुकडा सुटला की खालचा थर पावसाबरोबर निघतो, मग वरचा आणखी एक तुकडा अधांतरी होतो आणि एका पावसाळ्यात दरीत जातो. या कड्याखाली पडलेले घराएवढे धोंडे तसेच आले आहेत. पठार कडांकडून आत आत खाल्लं जातं, अगदी सावकाश.

(दृश्य: कड्याखालचा झरा. पाणी पिणारी म्हैस.)

मार्च महिना. वर टिपूस नाही, आणि इथं झरा वाहतोय. जांभ्याच्या भोकांतून पावसाळ्यात पाणी आत मुरतं, खालच्या चिकण थरावर येऊन अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. धनगरवाडे अशा झऱ्यांच्या आधारानं बसलेले. एका म्हाताऱ्या धनगर मामांना आम्ही विचारलं, पाणी कुठून येतं? त्यांनी काठी वर केली आणि म्हणाले, "त्या सड्यानं पिलंय, आता त्यो देतोय."

(दृश्य: सप्टेंबर. सड्यावरची फुलं.)

श्रावण-भाद्रपदात हाच ओका दगड असा होतो. खळग्यांत साठलेली बोटभर माती, तीही अन्नद्रव्यं धुऊन गेलेली. म्हणून इथली काही झाडं कीटक धरून खातात. ही जांभळी-निळी सीतेची आसवं. नाजूक दिसतात, पण मुळाशी बारीक फुगे आहेत, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. पलीकडं दवबिंदू, पानांवरचा चिकटा उन्हात चमकतोय. नापीक मातीवर जगायची ही रीत त्यांनी शोधली, आणि ती या दगडानं घडवलेली आहे. मसाई पठाराला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. बाकीच्या बऱ्याच सड्यांना नाही. महसुली कागदावर अशा जमिनीपुढं पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असतं, आणि कागदावर खराबा असलं की ती उचलायला सोपी जाते.

(दृश्य: ड्रोनवरून खाण, मग वीटभट्टी, मग खचलेला रस्ता. संगीत नाही.)

पठारांवरून जांभा आणि बॉक्साइट निघतं, उतारांवरून मुरूम निघतो, नदीकाठची माती भट्टीवर जाते. डोंगरही जागा सोडतोय: 2019 आणि 2021 च्या पावसाळ्यांत पन्हाळ्याचा रस्ता खचला.

(दृश्य: खेड्यातल्या घराची चुन्यानं रंगवलेली भिंत. तळाशी तांबडे शिंतोडे.)

माती डोंगरावरून खाली येते कशी, ते या भिंतीवर लिहिलेलं आहे. पांढरी भिंत, आणि जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे. प्रत्येक शिंतोडा म्हणजे एका थेंबानं उडवलेली माती. वळवाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आपटतो तेव्हा मातीचे कण सुटतात आणि वर उडतात. सपाट जागी ते इकडचे तिकडं पडतात. उतारावर मात्र अर्ध्याहून जास्त खालच्या बाजूलाच पडतात, आणि मग वाहतं पाणी त्यांना उचलतं. ओघळ होतो, ओघळाची घळ होते. जमिनीवर गवत असेल, पालापाचोळा असेल, तर थेंब त्याच्यावर फुटतो आणि माती जागेवर राहते. राधानगरी, भुदरगडकडच्या उतारांवर नाचणीच्या रानांना दगडी ताली, म्हणजे रचलेले बांध, घातलेल्या दिसतात. त्या तालींना टेकून साठलेली माती हीच तिथल्या माणसाची कमाई. एक ताल फुटली की बाप आणि पोरगा दोघं मिळून दगड पुन्हा रचतात, आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत हे चित्रित केलं. पडद्यावर दिसतंय ते.

(दृश्य: करवीर तालुक्यातली विहीर. कॅमेरा वरून खाली उतरतोय.)

खाली सपाटीला आलो की रंग बदलतो. तांबडी जमीन मागं राहते, काळी लागते. या विहिरीत उतरताना भिंतीकडं लक्ष ठेवा. वरची दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढी, काळी माती. मग चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा पट्टा. मग मुरूम. मग मऊ, भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, ज्याच्या भोकांत पांढरे स्फटिक चमकतायत. आणि तळाला काळा कातळ, ज्यावर सुरुंग लावल्याशिवाय पहार चालत नाही. घाटातल्या रस्त्याच्या कडेला जे पाहिलं तेच इथं, फक्त वरची माती कितीतरी जाड, कारण तिच्यात इथल्या दगडाचा वाटा आहे आणि वरून आलेल्या गाळाचाही.

दगड तोच, मग माती काळी का? इथं पाऊस कमी. डोंगरावर जो चुना, जे मॅग्नेशियम धुऊन गेलं, ते इथं थांबलं. त्यांच्या संगतीत वेगळ्या जातीची चिकणमाती तयार झाली, पाणी प्यायली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, पावसात जमीन फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. काळं रान स्वतःच स्वतःला नांगरतं, असं शेतकरी म्हणतात ते खरं आहे. तिला पाणी मात्र हिशोबानं लागतं. उसाला पाणी देत राहिलं आणि निचरा नसला की तेच थांबलेले क्षार वर येतात. शिरोळकडची ही पांढरी पडलेली रानं त्याचीच.

(दृश्य: प्रयाग चिखली. संगम. नंतर पंचगंगेचं वळण.)

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. पश्चिमेकडच्या डोंगरांचं पाणी घेऊन त्या इथं येतात आणि पंचगंगा होते. डोंगरात उडी मारत आलेली नदी इथून पुढं जवळजवळ सपाट जमिनीवर चालते. वेग कमी झाला की ती आधी गोटे टाकते, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी पोयटा, म्हणजे बारीक गाळ. वळणावर बघा. बाहेरच्या काठाला धार जोरात लागते, काठ तळातून पोखरला जातो आणि वरची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, झाडासकट धाडकन पाण्यात बसते. आतल्या काठाला पाणी संथ, तिथं तीच माती अलगद ठेवली जाते. म्हणजे या काठाच्या शेतकऱ्याचं रान नदी कापते आणि पलीकडच्याचं वाढवते. गावोगावी यावरून पिढ्यांची भांडणं आहेत.

पूर येतो तेव्हा नदी हे काम एकदम करते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर होतं. ही दृश्यं तेव्हाची.

(पूरदृश्यं. निवेदन नाही.)

(दृश्य: नृसिंहवाडी. दक्षिणद्वार.)

पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडीला. पाणी चढलं की ते देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. हातात ओंजळ भरून घेतली की तिच्यात तळ दिसत नाही, इतकी माती. पाणी ओसरल्यावर देवळाच्या फरशीवर चिखलाचा थर राहतो आणि माणसं घमेल्यानं, फावड्यानं तो उपसतात. पहाटेच्या तालमीतलं फावडं आठवतंय? आवाज तोच आहे.

(दृश्य: खिद्रापूर. स्वर्गमंडप. पाऊस.)

कृष्णेच्या काठाला आणखी पुढं खिद्रापूर. कोपेश्वराचं हे मंदिर बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात घडलं. इथं आसपास डोंगर नाही, दगड लांबून आणलेला. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, आणि त्याच्या बरोबर खाली एक गोल शिळा. आठशेहून जास्त पावसाळे या शिळेवर पडले. तिच्यावरून हात फिरवला की गुळगुळीत लागते, कुठं बारीक खळगे लागतात, बस. तेराव्या शतकातल्या यादव राजा सिंघणाच्या शिलालेखाची अक्षरं आजही वाचता येतात. बाहेरच्या हत्तींच्या अंगावर दगडफुलाचे ठिपके आलेत.

आठशे वर्षांत पावसानं या दगडाला एवढंच केलं. मुठीत मावणारी तालमीतली माती व्हायला किती पावसाळे लागले असतील, याचा अंदाज ही शिळा बघितल्यावर येतो.

(दृश्य: पूर ओसरलेलं उसाचं रान. आडव्या उसावर वाळलेला गाळ.)

शिरोळ तालुक्यातलं रान. पाणी उतरून चार दिवस झालेत. उसावर, बांधावर, मोटारीच्या पेटीवर गाळाचा करडा थर बसलाय. रानाच्या मालकीणबाईंनी गाळाची एक खपली उचलली, दोन्ही हातांनी मोडली. आत पानांसारखे पातळ पदर, एकावर एक. त्या एक एक पदर सोडवत होत्या आणि आम्ही कॅमेरा जवळ नेला.

मधल्या एका पदरात ज्वारीच्या दाण्याएवढा खडा निघाला. त्यांनी तो थुंकी लावून अंगठ्यानं पुसला. तांबडा. जांभ्याचा.

"हा आमच्या रानातला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

(नदीचा आवाज. पश्चिमेकडं ढग. नामावली.)